मांढरदेवी : कोरड्या डोंगरावरच्या निसरड्या पायऱ्या

हिवाळ्यात डोंगरवाटेवर अपघात झाला म्हटले की आपल्याला हिमालयातला बर्फ आठवतो. आपल्याकडे जानेवारीची वाट चढायला सगळ्यात सोपी. शेवाळ वाळलेले, खडक कोरडा, ऊनही सोसवणारे. वाईजवळचा मांढरदेवीचा डोंगर सुमारे ४,६५० फूट उंच आहे. २५ जानेवारी २००५ ला त्याच्या पायऱ्या ओल्या झाल्या, त्या पावसाने किंवा दवाने नव्हेत.

सोमवार, २४ जानेवारी, रात्र
उद्या पौष पौर्णिमा, या डोंगरावरच्या काळूबाई देवीच्या यात्रेचा मुख्य दिवस. माणसे डोंगराकडे निघालेली.

मंगळवार, पहाट
नवस फेडायला आलेला जो तो नारळ फोडतो. तेव्हा कोंबड्या-बकऱ्यांचे बळीही दिले जात. एका नारळाचे पाणी ते किती? पण हजारो नारळांचे पाणी उतारावरच्या दगडावरून वाहू लागले की काय होते, हे कोणत्याही गडावर पावसाळ्यात गेलेल्याला सांगायला नको.

सकाळ
गर्दी वाढतेच आहे. दिवसभराचा अंदाज तीन लाखांचा. देवळाकडची वाट चढाची आणि अरुंद, कडेने दुकाने. काही दुकानांत गॅसच्या टाक्या. माझ्या मते दिवस वाचवायची वेळ हीच होती : वरची माणसे उतरेपर्यंत खालची रांग पायथ्यालाच अडवायची. गर्दी एकदा चढावर दाटली की पोलिसाच्या शिट्टीचा उपयोग नसतो.

दुपार
पायऱ्यांवर काही जण घसरले. मागच्यांना पुढचे पडलेले दिसत नाहीत, वरून लोटणाऱ्यांना तर नाहीच नाही. चेंगराचेंगरीत माणसे पायाखाली मरतात असे आपण समजतो; पुष्कळ जण छाती दाबली जाऊन, श्वास न घेता आल्याने, उभ्या उभ्याच जातात. उतारावर वरच्या प्रत्येकाचे वजन खालच्यावर येते.

त्यानंतर
दुकाने पेटली. संतापलेल्या जमावाने काही पेटवल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले. टाक्या फुटू लागल्या आणि जीव घेऊन पळणारे पुन्हा त्याच वाटेवर लोटले गेले.

रात्र
मृतांचा आकडा पुढे २९० च्या वर गेला. त्यांत बायका-मुले पुष्कळ. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

मुख्यमंत्री तेव्हा आपल्या बाभळगावचे विलासराव देशमुख. त्यांच्या सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. यात्रेत पशुबळी आणि वाद्ये यांवर पुढे बंदी आली.

आता नांदेड-लातूरकरांसाठी. मार्गशीर्षात दत्तजयंतीला आपण माहूरला जातो. थंडी, डोंगर, पायऱ्या, गर्दी, सगळे तिथेही आहे. नारळ ठरवून दिलेल्या जागीच फोडा, पायऱ्यांवर नको. आणि दाटी दिसली तर लेकराबाळांना घेऊन खालीच थांबा. दर्शन दुसऱ्या दिवशीही होते.