पडवीतली पद्मिनी

मंडळी, येडगावच्या धरणाकाठी कुणाच्या पडवीत जुनी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तिची कुळकथा ऐका. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० डिलाइट तयार होऊ लागली; पद्मिनी हे तिचेच पुढचे नाव. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. दिसायला गरीब, पण मद्रासजवळच्या शोलावरमला हौशी लोक असल्या फियाट सजवून शर्यतीत पळवीत! मुंबईच्या टॅक्सीतून ती २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.

घरी दुरुस्ती काढाल तर रंगाला आधी हात लावू नका. पायाखालची मॅट उचला, पत्रा टोचून पाहा. ओल तिथेच मुरते. बैठकीचे रेक्झिन बदला, स्प्रिंगा धड असतील तर ठेवा. चाकांच्या रिंगा तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारा. टायरची नक्षी शाबूत, पण रबराला भेगा? मग तो टाकाच. आमच्या मामांनी असला टायर जपला. नारायणगावच्या रस्त्यावर फुटला, थोडक्यात वाचले. आणि हो, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. आधी भक्कम स्टँड लावा.