मंडईतील सवाल-जवाब : गोंदिया परिसरातील वादपरंपरेचा इतिहास

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला असला, तरी ज्या सांस्कृतिक प्रदेशाचा तो भाग आहे, त्याची ओळख या प्रशासकीय सीमांहून बरीच जुनी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे, तसेच गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांचा लगतचा भाग मिळून होणाऱ्या, जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्यांनी व्यापलेल्या या प्रदेशास ‘झाडीपट्टी’ असे म्हटले जाते. झाडीपट्टीच्या नाट्यवेडाविषयी बरेच लिहिले गेले आहे. तथापि दोन पक्षांनी लोकांसमोर उभे राहून एकमेकांस पद्यातून प्रश्न विचारावेत आणि श्रोत्यांनी रात्रभर बसून त्यांची उत्तरे तोलावीत, ही येथील दुसरी परंपरा तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. नव्या यंत्रांविषयी, करमणुकीविषयी आणि माणसांच्या बदलत्या वागण्याविषयी सामान्य लोकांनी व्यक्त केलेली मते आज मोबाइलच्या पडद्यावर वाचावयास मिळतात. या प्रदेशात मात्र अशा मतांना मंडईच्या रूपाने एक ठरलेले व्यासपीठ फार पूर्वीपासून उपलब्ध होते.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारा एक दिवसाचा मेळा होय. या मेळ्याचे वेळापत्रक धानशेतीशी जोडलेले असून, हलक्या जातीचे धान दिवाळीच्या सुमारास कापणीस येते व भारी धानाची कापणी त्यामागून होते. त्यामुळे हातात थोडा पैसा आणि अंगात थोडी उसंत असण्याचा हा काळ मेळ्यांस सोयीचा ठरला. गायगोधन आणि मोरपिसांनी सजविलेल्या ढालीची पूजा या गोवारी समाजाच्या विधींशी मंडईचा निकटचा संबंध आहे, आणि शेजारच्या छत्तीसगडमधील ‘मड़ई’ हा तिचाच सोयरा म्हणता येईल. शेजारच्या गावांच्या मंडया एकाच दिवशी येऊ नयेत अशा बेताने तिथी ठरविली जात असल्यामुळे पाहुणे, दुकानदार आणि कलावंत यांना एका गावाहून दुसऱ्या गावी जाता येत असे. दिवसा बाजार आणि लेकीबाळींच्या भेटीगाठी, तर रात्री दंडार हे लोकनाट्य, नाटक किंवा खडी गंमत, असा या दिवसाचा क्रम असे.

यांपैकी खडी गंमत हा शाहिरीच्या अंगाने जाणारा, उभ्याने सादर होणारा लोकनाट्यप्रकार असून, त्यात मुख्य शाहीर, त्यास साथ देणारे गायक-वादक, स्त्रीवेष घेतलेला ‘नाच्या’ आणि हसविणारे सोंगाडे पात्र यांचा समावेश होतो. गण आणि गवळण आटोपल्यावर लावण्या, सवाल-जवाब आणि कथाप्रसंग रंगतात. एकाच रात्री दोन शाहिरांचे संच समोरासमोर आणून हा कार्यक्रम केला, की त्यास ‘दुय्यम खडी गंमत’ म्हणतात. दुय्यममध्ये एका शाहिराने टाकलेला सवाल दुसऱ्याने उचलून त्याचे उत्तर देणे आणि वर आपला सवाल टाकणे अपेक्षित असते, आणि रात्रीची सारी रंगत या देवाणघेवाणीवर अवलंबून असते.

या प्रकारामागे महाराष्ट्रभर पसरलेला कलगी-तुऱ्याचा संप्रदाय उभा आहे. तुरा हा शिवाचे, म्हणजे पुरुषतत्त्वाचे श्रेष्ठत्व मानणारा पक्ष, तर कलगी हा शक्तीचे, म्हणजे प्रकृतीचे श्रेष्ठत्व मानणारा पक्ष होय. मध्य भारतातील प्रचलित आख्यायिकेनुसार तुकनगीर नावाचा गोसावी आणि शहा अली नावाचा फकीर यांच्या काव्यचर्चेवर प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजाने एकास तुरा व दुसऱ्यास कलगी बहाल केली. ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नसली, तरी दोन्ही पक्षांना एकाच दरबारात मान मिळाल्याचे ती आवर्जून सांगते, ही बाब लक्षणीय आहे. ज्या रचनेत पुराणे, तत्त्वज्ञान किंवा व्यवहार यांतील एखादे गूढ कोड्याच्या रूपाने मांडलेले असते, तिला ‘भेदिक’ म्हणतात. भेदिकाचा उलगडा करण्यासाठी पाठांतर, गुरूकडून मिळालेली परंपरा आणि हजरजबाबीपणा हे तिन्ही लागत. बंगालमधील कविगान हा प्रकारही दोन कवींच्या अशाच सामन्यावर उभा असल्याचे पाहता, पद्यबद्ध वादाची ही प्रवृत्ती केवळ महाराष्ट्रापुरती मर्यादित नव्हती, हे स्पष्ट होते.

अशा वादाला शिस्त लावणारे घटक मुख्यतः त्याच्या रचनेतच होते. ज्या चालीत सवाल आला त्याच चालीत जवाब देण्याचा संकेत असल्यामुळे उत्तर देणाऱ्यास प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकणे भागच पडे. शाहिराचे नाव, गाव आणि गुरू श्रोत्यांस ठाऊक असल्यामुळे बोललेले शब्द त्याला चिकटून राहत. आणि निवाडा करणारा समुदाय समोरच बसलेला असल्यामुळे टाळलेला प्रश्न लपत नसे. तथापि या परंपरेस आदर्श मानण्याचे कारण नाही. पुरुषतत्त्व आणि स्त्रीतत्त्व यांच्या वादाच्या आडून स्त्रियांची हेटाळणी होई, द्व्यर्थी बोलण्याने टाळ्या मिळविल्या जात आणि स्त्रीची बाजू मांडणारा आवाजदेखील बहुधा पुरुषाचाच असे. संकेतांमुळे वाद मुद्द्यावर राहण्यास मदत होत असली, तरी बोलण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नव्हते.

तंत्रज्ञानाचा या परंपरेशी आलेला संबंध टप्प्याटप्प्याने पाहावा लागतो. नागपूरहून निघालेला मीटरगेज लोहमार्ग १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचला आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून उत्तरेस बालाघाट-नैनपूर-जबलपूरकडे आणि दक्षिणेस अर्जुनी, वडसा, नागभीडमार्गे चांद्याकडे (आजच्या चंद्रपूरकडे) अरुंद मापाचे मार्ग निघाल्यामुळे गोंदिया हे जंक्शन बनले. दक्षिणेकडील मार्गाने झाडीपट्टीतील अनेक गावे एका सूत्रात ओवली गेली, आणि याच मार्गावरील वडसा पुढे नाटक कंपन्यांचे केंद्र झाले. रेल्वेने वादाचा आवाका वाढविला असला, तरी वादी आणि श्रोते एकाच जागी असण्याची अट तिने बदलली नाही. पेट्रोमॅक्सच्या बत्तीने, आणि नंतर ध्वनिवर्धकाने, श्रोत्यांची संख्या वाढविली. मात्र बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील समोरासमोरचा संबंध कायम राहिला.

खरा बदल ध्वनी दूरवर पोहोचविणाऱ्या आणि साठविणाऱ्या साधनांनी घडविला. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाल्यामुळे आवाज श्रोत्यांपासून दूर राहूनही घराघरांत पोहोचू लागला, आणि १९८० च्या दशकात स्वस्त झालेल्या कॅसेटने कोणतेही गाणे हवे तेव्हा व हवे तितक्या वेळा ऐकण्याची सोय केली. सवाल आणि जवाब या जोडीच्या दृष्टीने मात्र याचा परिणाम वेगळा झाला, कारण गाजलेला सवाल एकटा विकला जाऊ शकत होता आणि त्याला मिळालेले उत्तर ऐकणे श्रोत्यावर बंधनकारक राहिले नव्हते. व्हीसीडीने त्यात चित्राची भर घातली, तर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटामुळे हीच प्रक्रिया खेड्यापाड्यांत तळहातावर आली. मोबाइलवरील खेळ आणि चित्रफिती यांनी मंडईच्या रात्रीतील तरुणांचा वेळ वाटून घेतला, आणि त्याच साधनांवर चालणाऱ्या वादांत नाव लपविणे, प्रश्न टाळणे आणि प्रतिपक्षाचे एकच वाक्य तोडून फिरविणे शक्य झाले.

या बदलाकडे लोकांच्या स्वभावातील घसरण म्हणून पाहणे सोपे असले, तरी परंपरेच्या इतिहासातून तसा निष्कर्ष निघत नाही, कारण जुन्या फडांवरही चेष्टा, चिडवणे आणि अहंकार यांची कमतरता नव्हती. कोकणात याच संप्रदायातून आलेला शक्ती-तुरा गावच्या अंगणातून मुंबईच्या नाट्यगृहांपर्यंत पोहोचला असून, तो लोकांना जमवून समोरासमोर सादर होतो आणि त्याच्या चित्रफितीही फिरतात. तेव्हा नवे माध्यम आले की जुने व्यासपीठ संपतेच, असेही म्हणता येत नाही. फरक पडतो तो उत्तर देण्याच्या बंधनात. दुय्यम खडी गंमतीत ज्याने सवाल टाकला त्याला जवाब ऐकूनच पुढे जावे लागे, आणि वादाची जी काही सभ्यता तेथे टिकली, ती मुख्यतः या बंधनामुळे टिकली.

म्हणूनच या कलाप्रकाराच्या जतनाचे जे प्रयत्न होत आहेत, त्यांत चित्रीकरणाची पद्धत हा दुय्यम महत्त्वाचा प्रश्न ठरत नाही. एकाच शाहिराचे गाजलेले कडवे वेगळे काढून ठेवल्यास गायकाचा आवाज टिकेल, परंतु वादाची रीत नोंदली जाणार नाही. तिच्यासाठी दोन्ही संचांची संपूर्ण रात्र, प्रत्येक सवाल त्याच्या जवाबासह आणि श्रोत्यांच्या प्रतिसादासह, एकत्र जतन करणे आवश्यक आहे.