अ‍ॅटलास पतंग : पंख मोठे, आयुष्य छोटे

सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारा अ‍ॅटलास हा जगातील सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक. पंखांचा विस्तार सुमारे २५ सेंमी. पंखांच्या टोकांवर सापाच्या तोंडासारखी नक्षी असली, तरी तो निरुपद्रवी आहे. प्रौढ पतंग काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर एक-दोन आठवडे जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा!

धोका कशाचा?

- वणवा : वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागतात. तेव्हा फांद्यांना लटकलेले कोष जळू शकतात.
- वृक्षतोड : अळ्यांचे अन्न संपते.
- रात्रभरचे दिवे : पतंग भरकटतात, मिलनाची रात्र वाया जाते.

दिव्यावर पतंग दिसला, तर दिवा बंद करा. पकडू नका.