भोईवाड्याचे पत्र आणि वाट दाखवणारे यंत्र

परळच्या भोईवाड्यात राहणाऱ्या कोणाला नागपूरहून पत्र पाठवायचे, तर पाकिटावर ४०००१२ हा पिन कोड घालावा लागतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. नागपुरात टपालाची छाननी करणाऱ्याला भोईवाडा कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. ४०० म्हणजे मुंबई, एवढे कळले की पुरे. उरलेले तीन अंक मुंबईतला कर्मचारी पाहील.

संगणकांच्या जाळ्यात हेच काम राउटर करतो. आलेल्या संदेशावरचा पत्ता पाहायचा आणि तो योग्य शेजाऱ्याकडे ढकलायचा. फरक असा की टपालाची यादी वर्षानुवर्षे टिकते, तर राउटरची यादी सतत बदलते. एखादी तार तुटली की राउटर ती बातमी एकमेकांना कळवतात आणि याद्या दुरुस्त करतात. मग ही बातमीच चुकीची निघाली तर?

असे एकदा खरोखरच घडले. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यात १९६९ पासून आयएमपी नावाची यंत्रे हे काम करीत. ती ठराविक वेळाने आपली प्रकृती बॉस्टनजवळच्या नियंत्रण केंद्राला कळवीत. एखाद्याची आज्ञावली बिघडली, तर शेजारच्या यंत्राकडून तिची नवी प्रत घेता येई. व्यवस्था चोख होती. तरीही २७ ऑक्टोबर १९८० रोजी सारे जाळे काही तास ठप्प झाले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक बातमीला ० ते ६३ पैकी एक क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळाच्या काट्यासारखे. दोन क्रमांकांतला फरक ३२ किंवा कमी असेल तर मोठा क्रमांक नवा. फरक त्याहून जास्त असेल तर लहान क्रमांक नवा, असा नियम होता. यंत्रातील दोषामुळे एकाच आयएमपीच्या बातमीच्या तीन प्रती फिरू लागल्या. त्यांचे क्रमांक होते ४४, ४० आणि ८. द्विमान पद्धतीत लिहून पाहा: १०११००, १०१०००, ००१०००. दर वेळी एकेक १ गळाला आहे. आता नियम लावा. ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा आणि ४४ पेक्षा ८ नवा! प्रत्येक यंत्र आलेली बातमी नवी समजून पुढे पाठवत राहिले. एखादे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी शेजारी तीच बातमी त्याच्या गळ्यात मारीत. अखेर त्या एका आयएमपीच्या बातम्यांकडे दुर्लक्ष करावे, असे ठिगळ प्रत्येक यंत्राच्या आज्ञावलीला लावावे लागले.

आपल्याकडे हे युग १९८६ मध्ये एर्नेट प्रकल्पाने सुरू झाले. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईचे आयआयटी त्यात होते. सुरुवातीला साध्या दूरध्वनीवरून पत्रे जात. दिल्ली ते मुंबई ही सेकंदाला ९,६०० बिट वाहणारी पहिली भाड्याची तार जानेवारी १९९१ मध्ये आली. १९९२ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४,००० बिटांची जोडणी झाली. तोवर दूरच्या राउटरला प्रश्न विचारून त्याची प्रकृती जाणण्याची एसएनएमपी ही नियमावली १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

अशा जाळ्यात आज्ञावली बदलणे किती नाजूक, ते पाहा. एक मेगाबाइटची आज्ञावली ९,६०० बिटांच्या तारेवरून पाठवायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात, तीही दुसरा एकही संदेश न पाठवता. शिवाय ज्या वाटेने दुरुस्ती पाठवायची, ती वाट त्याच राउटरमधून जाते. नव्या आज्ञावलीत खोट निघाली तर वाटही बंद आणि दुरुस्तीही अडकलेली. म्हणून तीन पथ्ये पाळावीत: जुनी प्रत पुसू नये, राउटरपर्यंत दूरध्वनीची दुसरी वाट ठेवावी आणि बदल एका वेळी एकाच ठिकाणी करून पाहावा.

१९८० चा धडा वाया गेला नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओएसपीएफ नियमावलीच्या दुसऱ्या आवृत्तीत बातम्यांचे क्रमांक गोल न फिरता सरळ चढत जातात, आणि तासाभरात नव्याने न आलेली बातमी बाद होते.

वर्गात तीन विद्यार्थ्यांना ४४, ४० आणि ८ अशा पाट्या देऊन उभे करा आणि सर्वांत नवा कोण ते शोधायला सांगा. प्रत्येक विद्यार्थी आपल्यापेक्षा नव्याकडे बोट दाखवील आणि बोटे गोल फिरत राहतील. तिघांपैकी कोणीही नियम मोडलेला नसेल. चूक नियमातच होती आणि ती दिसायला अकरा वर्षे जुने, चालते जाळे बंद पडावे लागले.