पावसाचें भाकीत आणि आकड्यांची देवघेव

पावसाळा लागला कीं पंचगंगेकांठच्या आम्हां कोल्हापूरकरांच्या तोंडीं चार मापें असतात: पावसाचे मिलिमीटर, राधानगरीच्या विसर्गाचे क्युसेक, कर्नाटकांतील अलमट्टीच्या पातळीचे मीटर आणि राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याचे फूट. त्या बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. पाणी एक, परंतु भाषा निरनिराळ्या. एका गणिताचा आकडा दुसऱ्या गणितांत सुखरूप कसा न्यावा, हा भाकीतशास्त्राचा जुनाच प्रश्न आहे.

मोसमी पावसाचें नियमित भाकीत हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं १८८६ सालीं सुरू केलें. हिमालयावर बर्फ अधिक सांचलें तर पाऊस उणा, हा त्यांचा आडाखा होता. १९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर हे गणिती हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनीं बर्फाच्या जोडीला मॉरिशसचा व दक्षिण अमेरिकेचा वायुभार आणि झांजिबारचा पाऊस हेही विचारांत घेतले. आतां बर्फ, वायुभार आणि पाऊस यांचा मेळ घालावा कसा? त्यासाठीं सहसंबंधाचें गणित उपयोगी पडलें. प्रत्येक आकडा आपल्या सरासरीपासून किती दूर गेला, आणि नेहमींच्या चढउतारांच्या मानानें तें अंतर केवढें, एवढेंच त्यांत पाहावयाचें असतें. मग इंच आणि फूट यांचा भेद उरत नाहीं. तथापि कोणत्या वर्षांची सरासरी धरली, हें आकड्यासोबत कळविलेंच पाहिजे.

पुढें १९८८ सालीं वसंत गोवारीकर यांच्या पुढाकारानें १६ घटकांचें समीकरण वापरांत आलें. २००२ सालीं भाकीत साधारण पावसाचें होतें, आणि पडला दुष्काळ; तेव्हां पुढील वर्षीं नवीं समीकरणें आलीं. २०१२ सालीं मान्सून मिशन सुरू झालें. त्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत दोन आज्ञावल्या जोडीनें चालतात. एक समुद्राची, दुसरी वातावरणाची. समुद्र आपल्या पृष्ठभागाचें तापमान सांगतो. वातावरण वारा, उष्णता व पाऊस यांचे आकडे उलट पाठवितें. ठराविक वेळानें ही देवघेव अखंड चालते.

या देवघेवींत घात कोठें होतो? पर्जन्यमापकाची नोंद न आल्यामुळें जागा कोरी राहिली, आणि दुसऱ्या आज्ञावलीनें तेथें शून्य वाचलें, तर मुसळधार पावसाचा दिवस कोरडा ठरतो. ७/८ म्हणजे आपल्याला ७ ऑगस्ट, तर अमेरिकन रीतीच्या आज्ञावलीस ८ जुलै. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळीं साडेआठला संपतो. म्हणजे आजच्या तारखेस नोंदलेला पाऊस बहुतांशीं कालचा असतो. हें ध्यानांत न घेतां तो नदीच्या पातळीशीं जुळविला, तर कागदावर नदी आधीं फुगते आणि पाऊस मागाहून पडतो!

शाळेंत उत्तरापुढें एकक न लिहिल्यास मास्तर गुण कापतात, आणि मुलें तो जाच समजतात. परंतु ऑगस्ट २०१९ मध्यें राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांपर्यंत चढलें, तेव्हां घर केव्हां सोडावें हा निर्णय हजारों कुटुंबांस आकड्यांवरूनच घ्यावा लागला. म्हणून आकडा कधींही एकटा पाठवूं नये. त्याचें नांव, माप, ठिकाण आणि वेळ त्याच्या सोबत असावीं. आणि नोंद नसेल तेथें ‘नोंद नाहीं’ असें स्पष्ट लिहावें.