चोचीचा इलाज आणि कर्जत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कर्जत या अवर्षणप्रवण तालुक्यात पशुवैद्य म्हणजे बैल, गाय आणि शेळी यांचा वैद्य हेच समीकरण रूढ राहिले. मुंबईत परळला 1886 साली स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयातील विद्येचा भरही प्रारंभी घोडे व गुरे यांवरच होता. चोच या वैद्यकाच्या कक्षेत ठळकपणे आली ती कोंबडीमुळे, कारण कुक्कुटपालनाचा व्याप वाढला तशी पक्ष्यांनी एकमेकांना टोचू नये म्हणून पिलांच्या चोचीचे टोक तापल्या पात्याने छाटण्याची, म्हणजे चोचकापणीची, रीत रुळली. तिला उपचार म्हणणे कठीण, ती मालकाची सोय होय. पिंजऱ्यातील पोपटाचे दुखणे निराळे असते: चोचीवरचे केराटिन, म्हणजे नखांत असते तेच प्रथिन, जन्मभर वाढत राहते, आणि कुरतडायला लाकूड न मिळाल्यास, नुसत्या दाण्यांमुळे अ-जीवनसत्त्व कमी पडल्यास अथवा यकृत बिघडल्यास ती बेसुमार वाढून वाकते, घरीच कात्री चालवली तर आतली रक्तवाहिनी तुटते. त्यातच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पाळणे गुन्हा असल्याने, दवाखान्यात राजरोस नेता येतो तो ‘लव्हबर्ड’ नावाने विकला जाणारा ऑस्ट्रेलियन बजरीगर.