माळवदावरची तार

परवा घराच्या मागं कडुनिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत तांब्याची तार ताणत होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढी लांब दोरी कपडे वाळवायला का रे?" म्हटलं, "नाही काकू, रेडिओ ऐकायला." त्यावर त्या जे म्हणाल्या तेच तुम्हीही म्हणणार: "मोबाईलवर नाही का ऐकू येत?"

उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून इथं लिहितोय.

आपल्या पिंगळीत जुन्या घरांच्या माळवदावर वेळूची काठी आणि तिला बांधलेली तार पाहिलेली माणसं अजून आहेत. पुष्कळांना वाटतं ती श्रीमंतीची खूण होती. थोडीफार होतीही. पण मला वाटतं, तेवढ्या उंच तारेमागं खरं कारण आपल्या भागाचं मागासपण होतं. कसं ते सांगतो.

आपण मोगलाईतले. हैदराबादेत 1933 साली महबूब अली यांनी खासगी रेडिओ केंद्र सुरू केलं, 1935 मध्ये निजाम सरकारनं ते ताब्यात घेतलं. पुढं औरंगाबादलाही केंद्र झालं. म्हणजे रेडिओ आपल्याकडं आला तो दरबाराचा आवाज म्हणून. दुसरी बाजू ऐकायची तर बाहेरचं स्टेशन पकडायला हवं, आणि त्याला तार हवी. आता अडचण बघा. रेडिओ पेटीत लपवता येतो, घोंगडी टाकून झाकता येतो. माळवदावरची तार मात्र अख्ख्या गावाला दिसते. रझाकारांच्या दिवसांत घरावर अशी तार असणं म्हणजे काय, याचा विचार मी तार बांधताना पहिल्यांदा केला. 17 सप्टेंबर 1948 च्या संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली तीही रेडिओवरूनच. आपण दरवर्षी जो मुक्तिदिन साजरा करतो, त्याची बातमी आधी हवेतून आली, कागदावर नंतर.

स्वातंत्र्यानंतर तरी सोय व्हावी की नाही? झालं उलटंच. औरंगाबादचं केंद्र 1953 मध्ये बंद झालं. त्याच वर्षी पुण्याला आकाशवाणी सुरू झाली. 1956 ला आपण हैदराबादेतून मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्र झाला, तरी मराठवाड्याला स्वतःचं केंद्र नव्हतं. आपल्या परभणीचं आकाशवाणी केंद्र आलं 1968 साली. म्हणजे मधली पंधरा वर्षं मराठी ऐकायचं तर पुणे किंवा नागपूर, आणि दोन्ही आपल्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या पलीकडं. दिवसा मीडियम वेव्ह तेवढ्या लांबून धड पोचत नाही. रात्री वातावरणाचा वरचा थर लाटा परत खाली पाठवतो, तेव्हा लागायचं, तेही मध्येच बुडत, मध्येच वर येत. लंडनहून बीबीसीची मराठी सेवा होती, 1942 ला सुरू झालेली. ती 1958 अखेर बंद झाली. पुण्यामुंबईच्या घरात रेडिओच्या मागं हातभर वायर लोंबकळली तरी भागायचं. आपल्याला साठ-सत्तर फूट लागायची.

आमच्या आजोबांची तार मी पाहिलेली नाही, पण वडिलांनी इतक्यांदा सांगितलीय की डोळ्यांपुढं आहे. एक टोक वाड्याच्या माळवदावर, दुसरं चिंचेला. दोन्ही टोकांना चिनीमातीची अंड्याएवढी इन्सुलेटर, म्हणजे ओल्या झाडातून करंट, म्हणजे आलेला आवाज, निसटू नये. अर्थिंगसाठी खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून त्यात तांब्याची पट्टी. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचं काम वडिलांकडं. प्यायला पाणी शेंदून आणायचं आणि रेडिओलाही पाजायचं, यावरून आजी चिडायची म्हणे. वीज नव्हतीच, सेट ड्राय बॅटरीवर; म्हणून बातम्या झाल्या की बंद. शिवाय दरवर्षी पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरायची. ऐकायचं लायसन्स! ऐंशीच्या दशकात ते रद्द झालं.

आजोबांची तार पूर्व-पश्चिम होती. तार पुरेशी उंच असली तर तिच्या टोकांकडून कमी येतं, आडव्या अंगानं जास्त. त्या तारेच्या आडव्या अंगाला, दक्षिणेकडं, कोलंबो. आजोबा म्हणायचे बातम्यांसाठी बांधली. पण 1952 पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला होती आणि त्याच सुमारास आकाशवाणीनं सिनेमाची गाणी हद्दपार केली होती. दिशा बघून मला आजोबांचा थोडा संशय येतो.

माझ्या तारेचं गणित सोपं आहे. 143 ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये. 41 मीटर बँडवर 7.2 मेगाहर्ट्झ धरलं तर सुमारे वीस मीटर. मधोमध कापून दहा-दहा मीटरचे दोन भाग केले आणि तिथून जुन्या डिशची केबल खाली आणली. बांधणार असाल तर दोन गोष्टी: विजेच्या तारांच्या आसपाससुद्धा फिरकू नका, आणि आभाळ भरलं की केबल सेटमधून काढून घराबाहेर टाका. आपल्याकडं वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे आता अडचण अंतराची नाही, खरखरीची आहे. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर सगळे गुरगुरतात. लोडशेडिंग झालं की गाव गप्प होतं आणि जग ऐकू येतं. लाईट गेल्यावर खूश होणारा पिंगळीत मी एकटाच असेन.

आता काकूंचा प्रश्न. 26 फेब्रुवारी 2024 ला जालना, बीड आणि संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद केलं होतं. आपल्या मराठवाड्यातलेच जिल्हे. त्या दिवशी त्या मोबाईलवर काय ऐकू आलं असेल? अफवा थांबवायला बंद करतात म्हणतात. पण खरी बातमीही त्याच वाटेनं येते ना? आणि दुसरी वाट आपण स्वतःच मोडतोय. गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीनं देशभरातले कितीतरी मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह 31 जानेवारी 2020 ला थांबलं. ज्या भागानं पंधरा वर्षं केंद्राची वाट पाहिली, त्या भागात यावर एका ग्रामसभेत तरी कुणी बोललंय का? खर्चाचं कारण मला कळतं. निदान विचारायला तरी हवं होतं.

काल रात्री नऊनंतर लाईट गेली. चीनचं हिंदी स्टेशन खणखणीत लागलं, इतकं की काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "अरे, हळू कर!"